उन्हाळी समजून बसू नका : प्रोस्टेटची सूज कशी ओळखायची, काय करायचं

आपल्याकडं लघवीला जळजळलं की घरात एकच निदान होतं, उन्हाळी लागली. मग सब्जा, धन्या-जिऱ्याचं पाणी, पायाच्या अंगठ्यांच्या नखांना चुना, सगळं सुरू. मीपण तेच केलं. फक्त एक गोष्ट डोक्यात आली नाही, महिना जानेवारीचा होता आणि मी सकाळी कानटोपी घालून बाहेर पडत होतो, तिथं कसली उन्हाळी.

मी आष्ट्याच्या बाजूला साखर कारखान्याच्या शेती खात्यात आहे, चिटबॉय म्हणतात आपल्याकडं. सीझनला दिवसभर गाडीवर, एका फडातून दुसऱ्या फडात, रस्ते कसे आहेत ते सांगलीकरांना सांगायला नको. ऊसतोडीच्या टोळीत बायामाणसं असतात म्हणून तिथं लघवीला बसता येत नाही, मग दाबून धरायची, आणि लागू नये म्हणून पाणीच कमी प्यायचं. अशी दोन-तीन वर्षं काढली. मग जळजळ सुरू झाली, मेडिकलमधनं पाच दिवसांच्या गोळ्या आणल्या, तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून उरलेल्या कपाटात ठेवल्या (कधीतरी लागतील म्हणून, आपली सवयच ती). आठवड्याभरानं रात्री अशी हुडहुडी भरली की दोन रगं घेऊन पण दात वाजत होते, 103 ताप, आणि लघवीला दहा वेळा जाऊन थेंब थेंब. पहाटे तर पार तुंबली. दवाखान्यात नेल्यावर पहिल्या डॉक्टरनी मुतखडा म्हणून इंजेक्शन देऊन घरी पाठवलं, दुसरीकडं गेल्यावर कळलं की प्रोस्टेटला इन्फेक्शन झालंय, मग ॲडमिट.

तर प्रोस्टेट म्हणजे काय, अक्रोडाएवढी गाठ, फक्त पुरुषांना असते, लघवीच्या पिशवीच्या खाली आणि लघवीची नळी तिच्या मधून जाते. म्हणून ती सुजली की नळी दाबली जाते. म्हातारपणी प्रोस्टेट वाढते ते वेगळं, ती सूज नव्हे. सूज 30-40 च्या माणसाला पण येते, मला 38 ला आली. त्यामुळं "हे म्हाताऱ्यांचं दुखणं" हे आधी डोक्यातनं काढा.

ओळखायचं कसं? मुख्य खूण म्हणजे दुखतंय कुठं. अंडकोष आणि संडासची जागा यांच्या मधोमध, गाडीच्या सीटवर नेमकं जे टेकतं ना तिथं. बसलं की टेनिसचा बॉल खाली ठेवल्यासारखं वाटतं. कधी ओटीपोटात, जांघेत, कमरेत खाली. लघवीला सारखं जावं वाटतं, रात्री दोन-तीनदा उठणं, धार बारीक, झाली तरी राहिल्यासारखं वाटतं. संबंधानंतर किंवा वीर्य बाहेर पडताना दुखणं ही पण मोठी खूण, आणि हीच गोष्ट कुणी डॉक्टरला सांगत नाही. मुतखड्याचं दुखणं बहुतेक पाठीतनं, एका बाजूनं कळ मारत खाली येतं, माणूस लोळतो. हे तसं नसतं, हे बसून राहिलेलं दुखणं असतं.

ताप, थंडी आणि लघवीचा त्रास तिन्ही एकत्र आलं, किंवा लघवी बंदच झाली, तर सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री दवाखाना गाठा. इन्फेक्शन रक्तात गेलं तर जिवावर बेततं. शुगर असणाऱ्यांनी आणि ज्यांना लघवीसाठी बाहेरनं नळी (कॅथेटर) घातलेली होती त्यांनी जास्तच जपायचं. पैशाची अडचण असेल तर सांगलीला सिव्हिल आहे, मिरजेत सरकारी मेडिकल कॉलेजचा दवाखाना आहे, पण जा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, माझं चुकलं ते. अँटिबायोटिकची पहिली गोळी खायच्या आधी लघवीची कल्चर टेस्ट द्या. साधी तपासणी वेगळी, कल्चर वेगळी, त्यात जंतू कुठला आणि कुठल्या औषधाला मरतो ते कळतं, रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात. गोळ्या खाऊन मग टेस्ट दिली की जंतू अर्धमेले, रिपोर्ट कोरा, आणि डॉक्टर अंदाजपंचे. नमुना द्यायची पण रीत आहे: कातडी मागं घेऊन पाण्यानं धुवायचं, पहिली थोडी लघवी सोडून द्यायची, मधली धार लॅबनं दिलेल्या डबीतच धरायची, घरची खोकल्याच्या औषधाची बाटली धुऊन चालत नाही. आणि तासाभरात लॅबला पोचवायची. गाडीच्या हॅण्डलला अडकवून तीन ठिकाणी कामं करत मिरजेला नेली तर वाटेत जंतू वाढून भलताच रिपोर्ट येतो. (ताप अंगात असला तर थांबू नका मात्र, डॉक्टर नमुना घेऊन लगेच औषध चालू करतात.)

डॉक्टर संडासच्या जागेतनं बोट घालून आतनं तपासतात. लाज वाटते, मलाही वाटली, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. सोनोग्राफीत लघवी झाल्यावर पिशवीत किती उरते ते बघतात. तरण्या पोरांना लैंगिक संबंधातनं येणाऱ्या रोगांच्या टेस्ट पण सांगतात, तिथं खोटं बोलू नका, औषध वेगळं असतं आणि बायकोला पण घ्यावं लागतं.

जंतू सापडले तर गोळ्या पाच दिवसांच्या नसतात. एकदम तापानं आलेल्या दुखण्याला साधारण 2 ते 4 आठवडे, जुनाट असलं तर 4 ते 6 आठवडे किंवा जास्त, कारण या गाठीत औषध सहजी शिरत नाही. बरं वाटलं म्हणून सोडायचं नाही. सिप्रो, लिव्हो असल्या गोळ्या असतील तर दूध-दही, ॲसिडिटीचं औषध, कॅल्शियम यांच्यासोबत घेऊ नका, औषध अंगी लागत नाही, मध्ये किती तास सोडायचे ते विचारा. टाचेच्या वरची शीर दुखायला लागली तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरला फोन. लघवी मोकळी व्हायला टॅमसुलोसिन देतात, त्यानं उठल्यावर घेरी येते, म्हणून अंथरुणातनं हळू उठायचं, मी पहिल्याच रात्री मोरीच्या दारात बसलो होतो.

पण हे ऐका, दहातल्या नऊ जणांच्या जुनाट दुखण्यात जंतू सापडतच नाहीत. दुखणं खरं असतं, तीन-तीन महिने असतं, रिपोर्ट मात्र स्वच्छ. मलाही इन्फेक्शन गेल्यावर सहा महिने हेच राहिलं. अशा वेळी पुन्हा पुन्हा अँटिबायोटिक बदलून खाण्यात अर्थ नाही. खालचे स्नायू सतत आवळलेले राहतात हे एक मोठं कारण, त्यामुळं ते सैल करायला शिकायचं. उताणं झोपून गुडघे वर, पोटात श्वास घेताना खालचा भाग लघवीला सोडतो तसा सोडायचा, दिवसातनं दोनदा पाच-दहा मिनिटं. मोबाईलवर बघून कीगलचे व्यायाम मात्र आपल्या मनानं करू नका, ते आवळायचे व्यायाम, आधीच आवळलेल्याला आणखी त्रास. फिजिओथेरपिस्टला विचारा.

आणि शेक. कोमट पाण्यात कंबरेपर्यंत 10-15 मिनिटं बसायचं. आमच्या घरी पोराचा अंघोळीचा टब होता, त्यात मी गुडघे हनुवटीला लावून बसायचो, बायको हसून हसून बेजार, पण गोळीपेक्षा लवकर आराम त्यानं पडायचा. नुसतं इन्फेक्शन असेल तर शेक हा औषधाच्या जोडीला, औषधाऐवजी नव्हे.

खाण्यात सगळ्यांचं सारखं नसतं. मला कट जास्त घेतलेली मिसळ आणि दिवसाला सात-आठ चहा, हे दोन्ही दुसऱ्या दिवशी नडायचं. दारू पण. दोन आठवडे वहीत लिहा, काय खाल्लं, किती बसलो, किती दुखलं, आपलं आपल्याला कळतं. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, कुंथण्यानं तिथंच दाब येतो.

टाळायचं म्हणजे आता मी काय करतो ते सांगतो. पाण्याची दोन लिटरची बाटली सोबत, लघवी आली की गाडी थांबवायची, लांब बांधापर्यंत चालत जायचं पण धरून ठेवायची नाही. तासाभरानं गाडीवरनं उतरून चार पावलं चालायचं. सीटवर मधोमध खाच असलेलं कुशन, वडगावच्या सीटकव्हरवाल्यानं फोम कापून दिला. ऑफिसात बसणाऱ्यांना पण हेच लागू.

भिंतीवर पत्रकं लावून वीर्य गेल्यानं असं होतं म्हणणाऱ्या वैदूंकडं जाऊ नका, त्यानं काही होत नाही, पैसे मात्र जातात.

पीएसएची टेस्ट (प्रोस्टेटसाठीची रक्ताची तपासणी) लगेच करू नका, सूज असताना ती वाढलेलीच येते आणि माणूस कॅन्सरच्या भीतीनं झोपत नाही. डॉक्टर साधारण 6 ते 8 आठवड्यांनी, सूज उतरल्यावर करतात. लघवीत किंवा वीर्यात रक्त दिसलं तर मात्र आधी दाखवून या. आणि जाताना कागदावर लिहून न्या, कुठं दुखतं, कधीपासून, रात्री किती वेळा उठता, आधी कुठल्या गोळ्या घेतल्या, कारण केबिनमध्ये कुणी नर्स असली की आपण "जरा जळजळतंय" एवढंच बोलून बाहेर येतो.