क्रँकबेट कसे खेळवावे: नाशिकच्या धरणांवर मरळ आणि शिवड्यासाठी

क्रँकबेट म्हणजे लाकडाचा किंवा कडक प्लास्टिकचा फुगीर, खोटा मासा. त्याच्या तोंडाखाली एक चपटी पट्टी असते, तिला लिप म्हणतात. दोरी ओढली की पाण्याचा दाब या लिपवर येतो, आमिष बुडी मारते आणि अंग हलवत पोहू लागते. दुकानात बहुतेक जण रंग बघतात. तुम्ही आधी लिप बघा. आखूड, खाली वळलेली लिप असेल तर आमिष दोन-चार फुटांवर चालते. लांब आणि नाकाच्या रेषेत पुढे आलेली असेल तर आठ-दहा फूट, कधी त्याहूनही खोल जाते. पहिले आमिष तरंगणारे, सात-आठ सेंटिमीटरचे घ्या.

जागा शोधायचे काम मे महिन्यात करा. गंगापूर, दारणा, मुकणे, सगळीकडे तेव्हा पाणी खाली गेलेले असते. बुडालेले बांध, खडकांच्या रांगा, झाडांची खोडे, ओढ्यांची जुनी पात्रे उघडी पडतात. फोटो काढा, खुणा लक्षात ठेवा. पावसाळ्यानंतर पाणी निवळले की शिकारी मासे याच आडोशांना दबा धरून बसतात. धरणांतली मासेमारी बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असते, त्यामुळे आधी त्यांना विचारा. भिंत आणि दरवाजांपासून लांब राहा. नांदूरमधमेश्वर हे पक्षी अभयारण्य आणि महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. तिथे गळ न्यायचाच नाही.

सात फुटी मध्यम रॉड, स्पिनिंग रीळ आणि वीस-तीस पौंड ताण सोसणारी ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी पुरते. शिवडा या मिशाळ शिकारी माशाचे दात बारीक पण भरपूर असतात, म्हणून पुढे वीतभर स्टीलची तार लावा. आमिष थेट गाठीने आवळू नका, त्याचे हलणे मरते. गोल स्नॅप, म्हणजे तारेची उघडझाप होणारी छोटी कडी वापरा.

पहिली फेक काठालगतच टाकून आमिष सरळ पोहते का ते पाहा. एका बाजूला पळत असेल तर दोरी अडकवायची कडी पक्कडीने उलट बाजूला किंचित वाकवा. किंचितच, नाहीतर ते दुसरीकडे पळेल.

आता खरे काम. आडोशाच्या पलीकडे फेका. रॉडचे टोक खाली ठेवून वेगाने रीळ फिरवा म्हणजे आमिष खोली गाठेल, मग वेग कमी करा. लिप दगडाला लागली की हाताला टकटक जाणवते. नवखा माणूस इथे घाबरून जोरात खेचतो आणि आमिषाखालचा तिहेरी, म्हणजे तीन टोकांचा गळ कपारीत रुततो. तसे करू नका. रीळ थांबवा, दोरी थोडी सैल सोडा. तरंगणारे आमिष आपोआप मागे सरकत वर येते, आणि अडखळलेला, जखमी मासा दिसावा तसे दिसते. मासा बहुतेकदा याच क्षणी धरतो. एक-दोन सेकंद थांबून पुन्हा ओढा. ओढत राहण्यापेक्षा हे थांबणे जमले पाहिजे. माझ्या मते क्रँकबेटची अर्धी कला त्यातच आहे.

पाणी नितळ असेल तर चंदेरी किंवा चिलापीसारखा रंग, गढूळ असेल तर भडक पिवळा-हिरवा आणि आत छर्रे वाजणारे आमिष घ्या. पाणवनस्पती दाट असतील तिथे क्रँकबेट काढूच नका, प्रत्येक फेकीला गवतच येईल. तिथल्या मरळीला रबरी बेडूक बरा.

पावसाळ्यात मरळीच्या पिल्लांचा केशरी पुंजका पाण्यावर फिरताना दिसतो. खाली आईबाप राखणीला असतात आणि आमिषावर धावून येतात. तिथे टाकू नका, ती जोडी गेली की पिल्ले संपलीच. शिवडाही आता आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत असुरक्षित गटात आहे, म्हणून मी तो सोडूनच देतो.

सोडायचा असेल तर तयारी आधीच हवी. तिहेरी गळांच्या जागी एकेरी गळ लावा, त्यांचे उलटे काटे पक्कडीने दाबून टाका, आणि तोल बिघडला नाही ना ते काठाशी पाहा. मासा ओल्या हातांनी, शक्यतो पाण्यातच धरा आणि गळ लांब पक्कडीने काढा. बोटांनी नाही, मासा उसळला तर दुसरा गळ हातात शिरतो.