हिपॅटायटिस सीचा रिपोर्ट रिअ‍ॅक्टिव्ह आलाय? मग या चुका टाळा

मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं तेव्हा माझ्या मावशीचा एचसीव्ही (लिव्हरला सूज आणणारा हिपॅटायटिस सीचा व्हायरस) रिअ‍ॅक्टिव्ह म्हणजे पॉझिटिव्ह आला आणि हडपसरच्या त्या दोन खोल्यांत संध्याकाळपर्यंत तिचं ताट-वाटी वेगळं झालं, नातवालाही जवळ जाऊ देईनात. प्लीज असं करू नका. हा व्हायरस रक्तातून रक्तात जातो, एकत्र जेवून, जवळ घेऊन, एकच संडास वापरून नाही. वेगळं ठेवायचं ते ब्लेड, टूथब्रश, नेलकटर आणि शुगर तपासायची सुई, बस.

"आमच्यात कोणी दारू पीत नाही मग हे लिव्हरचं दुखणं कुठून आलं" असं सगळे विचारत होते. मावशीला १९९४ ला बाळंतपणात रक्त चढवलं होतं, आणि रक्तपेढ्यांत सीची तपासणी सक्तीची झाली ती २००१-०२ च्या सुमारास. म्हणजे त्याआधी रक्त घेतलं असेल, डायलिसिस चालू असेल, सुईने नशा केली असेल, जत्रेत गोंदवून घेतलं असेल तर काही त्रास नसला तरी एकदा टेस्ट करा. लिव्हर वर्षानुवर्षं गपचूप खराब होत राहतं, एसजीपीटी ही लिव्हरची रक्ततपासणी नॉर्मल आली म्हणूनही निर्धास्त राहू नका.

आता सगळ्यात जास्त लोक जिथे चुकतात ते. पहिला रिपोर्ट अँटिबॉडीचा (व्हायरसविरुद्ध शरीराने तयार केलेल्या प्रथिनांचा) असतो, तो फक्त एवढंच सांगतो की व्हायरस कधीतरी शरीरात येऊन गेलाय. साधारण १०० पैकी ३० जणांच्या शरीरातून तो सहा महिन्यांत आपोआप निघूनही जातो, पण आत्ता आहे की नाही हे एचसीव्ही आरएनए म्हणजे व्हायरल लोडच्या टेस्टनेच कळतं. आम्ही तेव्हा ती केलीच नाही, पहिल्या कागदावरच रडत बसलो आणि आठ महिने काविळीचं झाडपाल्याचं औषध दिलं. अहो, दूषित पाण्याने होते ती कावीळ ए नाहीतर ई व्हायरसची, ती बहुतेकांची आपली आपण बरी होते, सीचं तसं नाही. वर झाडपाल्यानेच लिव्हरला इजा व्हायची भीती. ते आठ महिने मला अजून टोचतात.

खर्चाच्या भीतीने थांबू नका. २८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या हिपॅटायटिसच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि गोळ्या मोफत आहेत, पुण्यात ससूनला किंवा औंधच्या जिल्हा रुग्णालयात जाऊन चौकशी करा, जुने सगळे रिपोर्ट सोबत न्या. बहुतेकांना १२ आठवडे रोज गोळ्या आणि ९५ टक्क्यांहून जास्त लोक पूर्ण बरे होतात. मात्र मेडिकलमधून परस्पर आणून सुरू करू नका, आधी हिपॅटायटिस बी तपासावा लागतो (सीचं औषध चालू असताना बी उसळू शकतो), सिरॉसिस (लिव्हर व्रणांनी कडक होणं) आहे का ते बघावं लागतं आणि हृदयाच्या ठोक्यांसाठीचं अमिओडेरॉन हे औषध चालू असेल तर डॉक्टरांना सांगायलाच हवं. मध्येच गोळ्या सोडू नका, दारू बंद. सिरॉसिस असेल तर बरं झाल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी.

कोर्स संपल्यावर १२ आठवड्यांनी परत आरएनए करायची, अँटिबॉडी नाही, कारण अँटिबॉडी बरे झाल्यावरही पॉझिटिव्हच येत राहते. मावशीच्या दुसऱ्या डोळ्याच्या वेळी परत रिअ‍ॅक्टिव्ह आला तेव्हा तिने पिशवीतून आरएनए निगेटिव्हचा लॅमिनेट केलेला रिपोर्ट काढून टेबलावर ठेवला.