खाजेसाठी डॉक्टरकडे जाताय? आधी ट्यूब पर्समध्ये टाका

योनीबाहेरच्या जागेची खाज दोन-तीन आठवडे थांबत नसेल, तर डॉक्टरकडे जायला हवंच. जाण्याआधी तिथे आजवर जे जे लावलं ते सगळं एका पिशवीत भरा. संपलेली, चेपलेली ट्यूबसुद्धा. मी नेली नव्हती. चार महिने केमिस्टकडची क्रीम लावून शेवटी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "काय लावत होता?" मी म्हणाले, "पांढरी ट्यूब, निळी पट्टी." अशा कितीतरी ट्यूब असतात! त्यात आदल्या रात्रीही लावली होती, त्यामुळे कातडीवर मूळचं काय आहे ते कळेना. दोन आठवडे काहीही न लावता परत या, म्हणाल्या. ते दोन आठवडे मी रात्र रात्र जागून काढले.

नाव कशाला लागतं? दुकानातून मागून आणलेल्या क्रीममध्ये बऱ्याचदा क्लोबेटासोलसारखं जोरदार स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असतं. चार दिवस बरं वाटतं, पण नायटा असेल तर तो पसरत राहतो आणि त्याची गोल कड पुसट होऊन ओळखूही येत नाही. उलट लायकेन स्क्लेरोसस नावाचा आजार असतो, पाळी गेलेल्या बायकांत जास्त. कातडी पांढरट, पातळ होते, चिरते. त्यावर हेच क्लोबेटासोल मुख्य औषध आहे, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली. म्हणून कोणती क्रीम, किती दिवस, शेवटची कधी लावली, हे लिहून न्या. ट्यूब फेकली असेल तर केमिस्टकडे जाऊन नाव विचारा. लाज वाटली तरी विचारा.

अंगावरून काय जातं तेही लिहा. दह्यासारखं घट्ट पांढरं आणि खाज असेल तर बहुतेक बुरशी, जी अँटिबायोटिकनंतर, गरोदरपणात आणि साखर वाढल्यावर जास्त होते. हिरवट-पिवळं, फेसाळ असेल तर ट्रायकोमोनास, म्हणजे शरीरसंबंधातून पसरणारा संसर्ग, असू शकतो, आणि मग नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं. त्याला आधीच सांगून ठेवा. रात्री शौचाच्या जागी जास्त खाजतं? जंत असू शकतात. घरात इतरांनाही खाज? खरूज असू शकते.

मधुमेहाच्या गोळ्यांची चिठ्ठी न्याच. डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांनी लघवीतून साखर जाते आणि बुरशीला आयतं खाद्य मिळतं. तीन महिन्यांच्या साखरेचा, म्हणजे एचबीए१सीचा रिपोर्ट असेल तर तोही.

साबण, डेटॉल, सुगंधी वॉश, सुगंधी पॅड आजपासून बंद. नुसतं पाणी, तेही बाहेरूनच. यातलंच काही खाजेचं कारण असू शकतं. नखं कापा. पाळीचे दिवस टाळून वेळ घ्या. क्रीम कधीपासून थांबवायची ते फोनवर विचारा. आदल्या रात्री तर नकोच. आणि ट्यूब पर्समध्ये टाकली का?

गाठ, न भरणारी जखम, रक्त किंवा पांढरा चट्टा असेल तर तयारी करत बसू नका, लगेच दाखवा. बायोप्सी, म्हणजे कातडीचा छोटा तुकडा काढून तपासणी, सांगितली तर करून घ्या.

तिथे गेल्यावर नवीन औषध नेमकं कुठे, किती, किती दिवस लावायचं ते विचारा. लिहून घ्या. पुढची तारीख. जुनी ट्यूब मग फेकून द्या, पण दाखवून झाल्यावरच.