मायच्या गमती वहीत कशा उतरवायच्या

घरातलं हसवणारं माणूस गेलं की त्याची जन्मतारीख, लग्न, वाऱ्या सगळं लिहिलं जातं, बोलणं तेवढं राहून जातं. म्हणून वही बोलण्यापासून सुरू करा.

आमची माय दारव्हा तालुक्यातल्या खेड्यात नांदली आणि तिनं अर्ध्या गावाला नावं ठेवली. तेरवीला जमलेल्यांना "मायबद्दल सांगा" म्हटलं तर "लय मायाळू होती" एवढं बोलून सगळे थांबतात. त्याऐवजी विचारा, "तुमचं काय नाव ठेवलं होतं मायनं?" मी हेच विचारलं आणि सपरीत गुमान बसलेले काकाजीही खुलले. न थांबता बोलणारी शेजारीण 'थ्रेशर', ते स्वतः 'पंगतीचे पाटील'. एकाचं नाव निघालं की दुसऱ्याला राहवत नाही.

माय हयात असेल तर उत्तमच. पण कॅमेरा समोर धरू नका, बाया पदर सावरतात आणि शाळेतल्यासारखं बोलायला लागतात. तिला सांगून फोन बाजूच्या खाटेवर ठेवा आणि तुरी निवडताना, कुरड्या घालताना बोलतं करा. हात कामात असले की जीभ मोकळी सुटते. पंखा बंद करा, नाहीतर नंतर त्याचीच घरघर ऐकू येते. त्याच दिवशी रेकॉर्डिंग दुसऱ्या कोणाच्या फोनवरही पाठवून ठेवा.

लिहिताना तिची भाषा अजिबात धुवू नका. माझा नवरा पहिल्यांदा जेवायला आला आणि लाजून पोळी नको म्हणाला. माय म्हणाली, "जावईबुवा, लाजू नका. आंदनात काई देल्लं नाई आम्ही, पोटात तरी घेऊन जा." आता हेच 'जावयाला आग्रहानं वाढायची' असं लिहून पाहा. माय कुठं उरली त्यात?

प्रत्येक गमतीखाली दोन ओळी संदर्भाच्या हव्यातच. राज्यात 1972 साली कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली. त्यात कापूस घातला तरी सारे पैसे एकदम हाती पडत नसत, हप्त्यानं येत. संध्याकाळी कळपाबरोबर घरी न परतणाऱ्या बोकडाचं नाव मायनं 'चुकारा' ठेवलं होतं. धुऱ्यावर उभी राहून ती हाका मारायची, "आरे चुकाऱ्या, आज तरी घरी ये रे बाप्पा!" रस्त्यानं बंड्या घेऊन जाणारे बाप्ये हसून हसून बेजार व्हायचे. चुकारा म्हणजे कापसाचे पैसे हे माझ्या भाच्याला ठाऊकच नव्हतं, त्याला तो नुसता बोकड वाटला.

साल आठवत नसेल तर अडू नका. इंदिराबाई गेल्या (1984) त्याच्या आधीचं की नंतरचं, आमच्या भागातली शकुंतला रेल्वे चालू होती तेव्हाचं की बंद पडल्यावरचं, असं विचारलं की काळ बरोबर सापडतो.

आणि सुनेला विचारा. लेकींना माय जशी दिसते तशी सुनेला दिसत नाही. माझी वहिनी म्हणाली, सुरुवातीला तिला मायचं बोलणं टोचायचं. पहिल्या बाळंतपणात मात्र मायनं रात्र रात्र जागून तिला हसवलं, तेव्हा कुठं ते बोलणं कळलं. हे दोन्ही लिहा. टोचलेलं गाळलं तर माय देव्हाऱ्यात जाऊन बसेल, आणि तिथं ती घडीभर बसली नसती.

वही कपाटात ठेवू नका, वर्षातून एकदा तरी मोठ्यानं वाचा. आम्ही तान्हा पोळा धरला आहे. नातवंडं लाकडी बैल घेऊन अंगणात उभी राहतात आणि आजीनं रचलेली झडती, म्हणजे पोळ्याला म्हणायचं यमकाचं गाणं, म्हणतात. लहानांना ती खणखणीत ओरडून म्हणायला शिकवा, यमक चुकलं तरी मध्ये टोकू नका:

चाक रे चाक, बंडीचं चाक,
नातू म्हणे आजीले, रिचार्ज टाक,
आजी म्हणे, आधी गोठ्यातलं शेण टाक!
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!