मुक्तस्रोत पायथन प्रकल्पात टेस्ट कव्हरेजवर लक्ष कसे ठेवावे

टेस्ट चालत असताना कोडमधील कोणत्या ओळी प्रत्यक्षात चालल्या आणि कोणत्या शेवटपर्यंत अस्पर्श राहिल्या, याची नोंद म्हणजे टेस्ट कव्हरेज. पायथनमध्ये हे काम ‘कव्हरेज डॉट पाय’ हे मुक्तस्रोत साधन करते. नेड बॅचेल्डर ते २००४ पासून सांभाळत आहेत. ते पिपने (पायथनची पॅकेजेस बसवणाऱ्या साधनाने) बसवावे आणि टेस्ट ‘कव्हरेज रन’ या कमांडमार्फत चालवाव्यात. मग ‘कव्हरेज एचटीएमएल’ दिल्यावर अहवाल तयार होतो, त्यातील प्रत्येक फाइल ब्राउझरमध्ये उघडून पाहता येते आणि न चाललेल्या ओळी लाल रंगात दिसतात.

पहिल्या मोजणीपूर्वीच दोन सेटिंग करून घ्यावीत. ‘सोर्स’मध्ये आपल्या पॅकेजचे नाव द्यावे, कारण ते न दिल्यास एकाही टेस्टने इम्पोर्ट न केलेली फाइल हिशेबातच येत नाही आणि टक्का फुगलेला दिसतो. दुसरे सेटिंग ‘ब्रँच’. समजा, एका फंक्शनमध्ये ‘दर’ हे चल सुरुवातीला रिकामे आहे, ग्राहक सभासद असेल तरच त्यात १० भरले जातात आणि शेवटी रकमेला दराने गुणले जाते. केवळ सभासदाची टेस्ट लिहिली, तरी सगळ्या ओळी चालतात आणि अहवाल १०० टक्के दाखवतो. सभासद नसलेला पहिला ग्राहक आला की मात्र प्रोग्राम कोसळतो. ब्रँच सुरू असेल, तर अट खोटी ठरण्याची वाट तपासलेली नाही हे तेथेच उघड होते.

आता सर्वांत महत्त्वाची बाब. बहुतेक प्रकल्प एकूण टक्क्यावर मर्यादा घालून थांबतात, आणि माझ्या मते तेथेच फसगत होते. केवळ ओळी मोजल्या असे धरू: १०,००० पैकी ८,००० चाललेल्या, म्हणजे ८० टक्के. कोणी एकही टेस्ट न लिहिता ५० नव्या ओळी जोडल्या, तर प्रमाण ७९.६ टक्क्यांवर येते. परंतु वेगळे सेटिंग नसेल तर हे साधन टक्का जवळच्या पूर्णांकात धरत असल्याने अहवालात ८० च उमटतात आणि ‘फेल अंडर’ची (टक्का ज्याखाली गेल्यास तपासणी नापास होते, त्या सेटिंगची) ८० ची मर्यादाही बिनतक्रार पार होते. ‘प्रिसिजन’ (दशांश स्थळांची संख्या) वाढवल्यास ही घट दिसेल, पण खरा उपाय बदललेल्या ओळी वेगळ्या मोजण्याचा आहे. ‘कव्हरेज एक्सएमएल’ने अहवाल काढून तो ‘डिफ-कव्हर’ या साधनाला द्यावा, गिटमधील (कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीतील) मुख्य शाखेशी तुलना करून ते केवळ या पुल रिक्वेस्टमधील (बदल स्वीकारण्याच्या विनंतीतील) ओळींचे कव्हरेज सांगते. गिटहब ॲक्शन्स या स्वयंचलित सेवेत कोड आणणारी ‘चेकआउट’ ही पायरी वेगळे न सांगितल्यास एकच कमिट (बदलाची एक नोंद) आणते, म्हणून या तुलनेसाठी ‘फेच-डेप्थ’ शून्य ठेवून पूर्ण इतिहास आणावा लागतो.

विंडोज आणि लिनक्ससाठी वेगळा कोड असेल, तर कोणत्याही एका यंत्रावरची मोजणी अपुरीच राहते. दोन्हींकडे ‘पॅरलल’ (प्रत्येक मोजणीची वेगळी डेटा फाइल) आणि ‘रिलेटिव्ह फाइल्स’ (फाइलींचे सापेक्ष पत्ते) ही सेटिंग सुरू ठेवून मोजावे, डेटा एका ठिकाणी आणावा आणि ‘कव्हरेज कम्बाइन’ने जोडावा. या डेटा फाइलींचे नाव टिंबाने सुरू होते. गिटहब ॲक्शन्समध्ये आर्टिफॅक्ट (जतन करायच्या फाइली) अपलोड करताना अशा लपलेल्या फाइली सहसा वगळल्या जातात, म्हणून त्या घेण्याची सूचना स्पष्टपणे द्यावी.

एखादी ओळ टेस्टने गाठणे खरोखरच अशक्य असेल, तर ‘प्रॅग्मा: नो कव्हर’ ही टिप्पणी तिला मोजणीतून वगळते. तिच्यालगत कारण लिहिलेले नसेल, तर ती पुल रिक्वेस्ट स्वीकारू नये.