चाचणी जलद, तरी औषध उशिरा: रक्तातल्या संसर्गाची तपासणी करताना या चुका टाळा

ब्लड कल्चरची (रक्तातले जिवाणू वाढवून पाहण्याची) बाटली पॉझिटिव्ह आली, म्हणजे तिच्यात जिवाणू वाढले, की पीसीआर पॅनेल (अनेक जनुके एकदम शोधणारी चाचणी) साधारण तासाभरात जिवाणूचे नाव आणि औषध-प्रतिकाराची काही जनुके सांगते. तरीही रुग्णाचे औषध वेळेत बदलले जात नाही, तेव्हा फार वाईट वाटते. कारण वेळ वाया जातो तो बहुतेकदा मशीनच्या आधी आणि नंतर.

सुरुवात खाटेपाशीच चुकते. अँटिबायोटिक आधी आणि रक्त नंतर, असे झाले तर बाटलीत काही वाढेलच याची खात्री नाही. (अत्यवस्थ रुग्णात मात्र रक्त मिळत नाही म्हणून औषध थांबवू नये.) प्रौढांमध्ये प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिलि रक्त हवे, आणि वेगवेगळ्या जागांहून निदान दोन संच. एकाच बाटलीत त्वचेवरचा स्टॅफिलोकोकस उगवला, तर तो खरा की सुईबरोबर आलेला, हे कोणतेही पॅनेल ठरवून देत नाही. बाटली फ्रिजमध्ये ठेवू नका.

सगळ्यात घातक चूक अहवाल वाचताना होते. ‘जनुक सापडले नाही’ याचा अर्थ ‘औषध लागू पडेल’ असा घेतला जातो. पॅनेल ठरावीक जनुकेच शोधते: केपीसी, एनडीएम, व्हीआयएम, आयएमपी, ओएक्सए-४८ वगैरे. ही कार्बापेनेमेजची, म्हणजे कार्बापेनेम गटाची अँटिबायोटिक तोडणाऱ्या विकरांची, जनुके. स्यूडोमोनास या जिवाणूला इमिपेनेम हे कार्बापेनेम चुकवायला यातले एकही लागत नाही. बाहेरच्या आवरणातले ओपीआर-डी हे प्रवेशद्वार बंद केले तरी पुरते. अहवाल निगेटिव्ह आणि जिवाणू मात्र प्रतिरोधक! म्हणून औषध-संवेदनशीलता चाचणी लावायचीच.

जनुक सापडले तर त्याचे नाव लिहा. नुसते ‘कार्बापेनेमेज पॉझिटिव्ह’ लिहिणे अपुरे आहे. केपीसी किंवा ओएक्सए-४८ असेल तर सेफ्टाझिडिम-अविबॅक्टम हे जोड-औषध सहसा कामी येते. एनडीएमपुढे ते एकटे टिकत नाही. बाटलीत दोन जातींचे स्टॅफिलोकोकस असतील, तर मेक-ए जनुक (मेथिसिलिनला प्रतिकार देणारे) स्टॅफिलोकोकस ऑरियसचे की दुसऱ्या जातीचे, हेही तपासा.

बाटलीतले रक्त थेट प्लेटवर पसरून त्यावर औषधाच्या डिस्क लावून ४, ६ किंवा ८ तासांनी वाचण्याची युकास्टची (संवेदनशीलतेचे निकष ठरवणाऱ्या युरोपीय समितीची) पद्धत चांगली आहे आणि तिला महागडे यंत्र लागत नाही. पण तिचे निकष वेळेनुसार आणि जिवाणूनुसार वेगळे असतात. नेहमीचा १८ तासांचा तक्ता इथे वापरू नका. डिस्कभोवती जिवाणू न वाढलेल्या वर्तुळाचा व्यास अनिश्चित पट्ट्यात आला तर ओढूनताणून ‘एस’ (संवेदनशील) किंवा ‘आर’ (प्रतिरोधक) लिहू नका. प्लेट पुन्हा इन्क्युबेटरमध्ये ठेवून पुढच्या वेळेला वाचा. कोलिस्टिन या अँटिबायोटिकसाठी तर डिस्क वापरूच नका, ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन (द्रवात औषधाच्या वेगवेगळ्या मात्रा घालून तपासणी) करा.

शेवटी राहतो फोन. रात्री दोनला आलेला निकाल संगणकावर टाकून सकाळची वाट पाहू नका. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना थेट कळवा, जिवाणू आणि जनुकाचे नाव त्यांच्याकडून परत म्हणवून घ्या, आणि कोणाला किती वाजता सांगितले ते नोंदवा.