कर्ज फिटलं, तरी आठवडा पुरत नाही? या चुका टाळा

आमचा शेवटचा हप्ता गेला त्या संध्याकाळी घरात श्रीखंड आलं होतं. सासऱ्यांच्या ऑपरेशनपासून सुरू झालेलं पर्सनल लोन आणि त्याच्या जोडीला फुगत गेलेलं एक क्रेडिट कार्ड, दोन्ही चार वर्षांनी एकदाचं मिटलं. आता आठवड्याला ठरावीक पैसे काढायचे, त्यातच भागवायचं, पुन्हा कुणापुढे हात पसरायचा नाही, असं ह्यांनी आणि मी ठरवलं. आणि पहिल्याच महिन्यात २८ तारखेला मी तूरडाळीच्या डब्यात दडवलेली पाचशेची नोट बाहेर काढली.

उधळपट्टी म्हणाल तर काही नव्हती. महिनाभरात एक वडापाव बाहेर खाल्ला असेल. नंतर ऑफिसातल्या, बिल्डिंगमधल्या चारजणींशी बोलले, तेव्हा कळलं की कर्ज फेडून बसलेल्या घरांत हे सर्रास होतं. अशी माणसं खर्चिक नसतात, उलट जरा जास्तच घाबरलेली असतात. त्यांचा आठवडा बिघडतो तो साध्या हिशेबात आणि कॅलेंडरात.

महिन्याला चाराने भागणं

ही आमची पहिली चूक, आणि मला वाटतं सगळ्यांचीच. भाडं किंवा मेंटेनन्स, लाइट बिल, महिन्याचं वाणसामान, फी हे सगळं बाजूला काढल्यावर आमच्याकडे वरखर्चाला १३,००० रुपये उरत होते. दूध, भाजी, अंडी-मासे, बस-रिक्षा, मुलीचं किरकोळ काही, सगळं त्यात. मी चाराने भागलं, आठवड्याला ३,२५० आले. छान वाटलं.

पण फेब्रुवारी सोडला तर चार आठवड्यांचा महिना असतोच कुठे? वर्षाचे आठवडे ५२, आणि बारा चोक अठ्ठेचाळीस. उरलेले चार आठवडे घरात काय शिजवायचं, याचं उत्तर माझ्या वहीत नव्हतं. ते दर महिन्याच्या शेवटी दोन-तीन दिवस असे सांडत होते, आणि पूर्वी हेच दोन-तीन दिवस क्रेडिट कार्डावर जात असणार.

बरोबर हिशेब असा: महिन्याची रक्कम गुणिले १२, भागिले ५२. १३,००० चे झाले आठवड्याला बरोबर ३,०००. मी धरलेल्यापेक्षा २५० कमी. २५० म्हणजे काय मोठंसं, असं ह्यांना वाटलं होतं. ५२ने गुणल्यावर १३,००० आले, म्हणजे अख्ख्या महिन्याचा वरखर्च. त्यानंतर ते गप्प बसले.

अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरं, पण आमचं अंथरूण दर महिन्याला वेगळ्या मापाचं निघत होतं.

सोमवारी सुरू होणारा आठवडा

कॅलेंडरात आठवडा सोमवारी सुरू होतो म्हणून आम्हीही सोमवारी पैसे काढायचो. मग रविवार सगळ्यात शेवटी यायचा. रविवारी मासळीवाली मावशी दारात, मुलीला बाहेर जायचंय, कुणाची तरी बारशाची पार्टी, आणि पाकिटात १८० रुपये. माणूस अशा वेळी "पुढच्यातून घेऊ" म्हणतो. एकदा पुढच्यातून घेतलं की तो आठवडा आधीच लंगडा.

शनिवारी सुरू करून पाहिलं, तर दोन दिवसांत निम्मे पैसे उडायचे. शेवटी गुरुवार पकडला. आमच्याकडे गुरुवारी नॉनव्हेज नसतंच, त्यामुळे सुरुवात आपोआप स्वस्त होते. शनिवार-रविवार तिसऱ्या-चौथ्या दिवशी येतो, आणि तो आटोपल्यावर जे काही उरतं त्यात सोम-मंगळ-बुध काढायचे असतात. त्या तीन दिवसांत डबा आणि प्रवास सोडून खर्च तरी काय असतो? तुमच्या घरचा महागडा वार वेगळा असेल तर वारही वेगळा निवडा, फक्त तो आठवड्याच्या टोकाला येऊ देऊ नका.

बुधवारी पैसे संपले तर पिठलं-भात, कुळथाची पिठी, सुकटीची चटणी. हे कोरडं सामान महिन्याच्या वाणसामानात आधीच भरलेलं असावं. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा तर सुक्या मासळीवरच आमचे कितीतरी बुधवार निघतात.

फोनमधून जाणारे पैसे

आमच्या आईच्या पिढीत पाकिटं असायची: दुधाचं, भाजीचं, पेपरवाल्याचं. पाकीट रिकामं झालं की डोळ्यांना दिसायचं. आता भाजीवाल्याच्या गाडीवरही क्यूआर कोड आहे, आणि पैसे ज्या खात्यातून जातात त्याच खात्यात भाड्याचे, फीचे पैसेही पडलेले असतात. बॅलन्स २२,००० दिसला की कोथिंबिरीच्या जुडीबरोबर हात आपसूक मशरूमच्या पाकिटाकडे जातो.

उपाय कंटाळवाणा आहे, पण चालतो. वरखर्चाचं खातं वेगळं ठेवा आणि फोनवरचं यूपीआय फक्त त्यालाच जोडा. पगाराच्या खात्यातून दर गुरुवारी ठरलेली रक्कम तिकडे जाईल अशी बँकेला कायमची सूचना देऊन टाका. आमच्या वरच्या मजल्यावरच्या ताईंनी यूपीआय लाइट वापरून बघितलं. त्यात एका वेळी जास्तीत जास्त ५,००० रुपये ठेवता येतात आणि एका व्यवहारात १,००० पर्यंत पिन न टाकता देता येतात, म्हणजे पाकिटासारखंच झालं. त्यांचं पाकीट मात्र रिकामं होईचना! शोधल्यावर कळलं, ऑटो टॉप-अप चालू होतं. पैसे कमी झाले की खात्यातून गुपचूप भर पडत होती. ते बंद करा. दुसरं म्हणजे लाइटमधले छोटे खर्च बँकेच्या पासबुकात एकेक करून उमटत नाहीत, फक्त भरलेली रक्कम दिसते. म्हणून बुधवारी रात्री अ‍ॅपमधली यादी चाळायची सवय हवी.

त्याच अ‍ॅपमध्ये ऑटोपेचं, म्हणजे आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांचं पान असतं, तेही एकदा उघडा. आमच्याकडे मुलीनं लॉकडाऊनमध्ये घेतलेलं एक सबस्क्रिप्शन निघालं. तिलाही आठवत नव्हतं.

गणपती अचानक येत नाहीत

इथे जरा थांबते, कारण खरी गळती इथली आहे. आठवड्याचं बजेट भाजी-दुधाला उत्तम, पण मुंबईतला घरखर्च आठवड्याच्या चालीनं येत नाही. पाइपच्या गॅसचं बिल दोन महिन्यांनी, कितीतरी सोसायट्यांत मेंटेनन्स तीन महिन्यांनी, विमा वर्षाने. जूनमध्ये वह्या-गणवेश-बूट आणि त्यात रेनकोट-छत्री. मग मंडळाची वर्गणी, घरचा गणपती, दिवाळीचा फराळ.

आम्ही दर वेळी म्हणायचो, "हा महिना जरा वेगळा आहे." एकदा बसून मोजलं, तर वर्षातले नऊ महिने वेगळे निघाले.

कोकणात जाणाऱ्यांची आणखी एक गंमत. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, पूर्वी ते १२० दिवस आधी उघडायचं. म्हणजे सप्टेंबरातल्या गणपतीचं तिकीट जुलैत काढायचं, ऑगस्टअखेर गणपती असले तर जूनमध्येच, नेमके शाळेच्या खर्चात. तेव्हा हात आखडला की गाडी भरते, आणि मग खासगी बसवाला सांगेल तो दर. माझा अनुभव विचाराल तर त्या एका चुकीनं आमचे दोन आठवड्यांचे पैसे गेले होते.

म्हणून एक वेगळा "वर्षाचा डबा" करा. मागच्या वर्षीचं पासबुक समोर घेऊन असे सगळे खर्च लिहा, बेरीज करा, ५२ने भागा. आमचे गणपती ८,०००, दिवाळी १०,०००, जूनची शाळा ९,०००, मेमधलं गावाला जाणं ७,००० आणि आरोग्य विम्याचा हप्ता १८,०००, असे मिळून ५२,००० झाले. आठवड्याला हजार. हे हजार वरखर्चातले धरायचे नाहीत. जुना ईएमआय जात होता त्या पैशांतून ते गुरुवारीच वेगळ्या खात्यात जातात. ईएमआय संपल्याबरोबर ती रक्कम पगारात विरघळू दिली, तर दोन महिन्यांत ती कुठे गेली हे देवालाही सांगता येणार नाही.

नको तिथे काटकसर

कर्ज फिटल्यावर काही जण अंगात आल्यासारखी काटकसर करतात. मी दादरला उतरून सकाळच्या घाऊक बाजारातून पाच किलो टोमॅटो आणले होते. तीन किलो आम्ही खाल्ले, उरलेले कुंडीत गेले. घाऊकमध्ये घ्यायचं ते टिकणारं: उन्हाळ्यात कांदा-लसूण, वर्षाची मिरची-हळद, तेही घरात जागा असेल तर. वन रूम किचनमध्ये दहा किलो कांदे कॉटखाली सडतात, आणि तो वास पावसाळाभर जात नाही.

विम्याचा हप्ता वाचवणं हा तर वेडेपणा आहे. आमचं कर्जच मुळी हॉस्पिटलच्या बिलातून उभं राहिलं होतं.

त्यापेक्षा रोजच्या रिक्षाकडे बघा. १ फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचं किमान भाडं २६ रुपये आहे, आणि त्याच वर्षी ९ मेपासून बेस्टच्या साध्या बसचं किमान तिकीट १० रुपये. कन्नमवार नगर ते विक्रोळी स्टेशन, जाऊन-येऊन, किमान भाडंच धरलं तरी दिवसाला ३२ रुपयांचा फरक, सहा दिवसांचे १९२. पाऊस नसेल तर मी चालतेच, पण थकून आलेल्या माणसाला "चाल" म्हणू नये. ह्यांनी हप्ते संपल्यावर फर्स्ट क्लासचा पास काढला, तेव्हा आधी माझा जीव खालीवर झाला. पण त्यांच्या पाठीचं दुखणं खरं आहे. पासाचे पैसे आम्ही वर्षाच्या डब्यात लिहून टाकले. लिहिलेली चैन परवडते. तीन महिन्यांचा पास काढला तर महिन्याच्या तीन पासांपेक्षा स्वस्तही पडतो.

"मिटलं" असं नुसतं समजून बसणं

मुदतीआधी कर्ज फेडलं तरी पुढच्या महिन्याचा हप्ता आमच्या खात्यातून कापला गेला. बँकेशी भांडून तो परत आला, पण मधले तीन आठवडे बजेटची पार वाट लागली. तेव्हा कर्ज बंद केल्यावर तीन गोष्टी करा. "नो ड्यूज"चं पत्र घ्या. हप्त्यासाठी दिलेला मँडेट, म्हणजे खात्यातून पैसे कापायची परवानगी, रद्द झाला का ते आपल्या बँकेत विचारा. आणि महिना-दीड महिन्याने क्रेडिट रिपोर्ट काढा. २०२५ पासून बँकांना ही माहिती किमान दर पंधरवड्याला क्रेडिट ब्युरोंकडे, म्हणजे कर्जांची नोंद ठेवणाऱ्या कंपन्यांकडे, पाठवावी लागते. सिबिलसह चारही ब्युरोंनी वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो. त्यात कर्ज अजून चालू दिसत असेल तर लेखी तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या दर दिवसाला १०० रुपये भरपाईचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. रिपोर्टमध्ये "क्लोज्ड" हवं. तडजोड करून कमी पैशांत मिटवलं असेल तर तिथे "सेटल्ड" येतं आणि ते पुढे नडतं.

क्रेडिट कार्डाची थकबाकी भरल्यावरही पुढच्या बिलात थोडं व्याज येतं, कारण बिल निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतच्या दिवसांचं व्याज लागलेलं असतं. शून्य झालं म्हणून ते बिल न बघता टाकू नका. कार्ड बंद करायचं असेल तर बाकी शून्य असताना अर्ज करा. सात कामाच्या दिवसांत बंद झालं नाही, तर बँकेला दिवसाला ५०० रुपये द्यावे लागतात. आम्ही बंद केलं. क्रेडिट स्कोअरसाठी एक कार्ड ठेवावं असं जाणकार म्हणतात, पण ज्यांना एकदा पोळलंय त्यांनी आधी वर्षभर झोप नीट लागते का ते बघावं.

आता तुमचा स्कोअर सुधारेल आणि "मॅडम, तुमचं लोन प्री-अप्रूव्ह्ड आहे" असे फोन सुरू होतील. १९०९ वर डीएनडी, म्हणजे जाहिरातीचे फोन नकोत अशी नोंद, लावून टाका. आणि दुकानातल्या "नो कॉस्ट" ईएमआयला भुलू नका. त्यातलं व्याज सूट म्हणून वळतं केलेलं असतं, पण क्रेडिट कार्डावर घेतलं तर त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुम्हीच भरता. वर प्रोसेसिंग फी निराळी.

पेढे वाटणं

कर्ज फिटल्याची बातमी नातेवाइकांत गेली की हातउसने मागणारे येतात. त्यांना मी सरळ सांगते, पैसे ह्यांच्याकडे असतात. हे सांगतात, हिच्याकडे असतात.

अवघड असतो तो ऑफिसातला मित्र, ज्याला पतपेढीच्या कर्जाला जामीन हवा असतो. सही तर करायची आहे, पैसे कुठे द्यायचे आहेत, असं वाटतं. पण १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळं काही लिहिलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. त्यानं हप्ते थकवले तर वसुली तुमच्या पगारातूनही होऊ शकते. ह्यांच्याकडे मागच्याच महिन्यात असा अर्ज आला होता. ह्यांनी त्याला खाली टपरीवर नेलं, चहा पाजला, दोन कटिंगचे पैसे दिले आणि अर्ज परत केला. ते पैसे त्या गुरुवारच्या हिशेबात लिहिलेले आहेत.